मणी किती झाले?

मोटार घेतली तेव्हा तिच्यात घंटा आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यांचं हृदय अधू आहे हेही मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही गोष्टी तंजावुरात येऊन पडल्यावर कळल्या, आणि दोघींनी मिळून मला असं काही दमवलं की अजून तो शीण उतरलेला नाही.

माझं माहेर वाईचं. पन्नास सालानंतरची गोष्ट. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून जी जुनी मराठी घरं होती, त्यांच्यात कधीमधी देशावरची सून आणायची टूम निघे. घरातली भाषा आंबली की शेजारून विरजण आणतात तशी मला दोन दिवसांच्या आगगाडीनं आणली. इथं येऊन पाहते तर भाषा यांचीच जुनी, आणि माझीच सगळ्यांना विचित्र वाटायची. सासूबाई 'जात्यें', 'करत्यें' असं बोलायच्या आणि वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचलायच्या. मी काही विचारलं की आधी हसायच्या, मग उत्तर द्यायच्या.

आमचे हे गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी, खेडोपाडी फिरती. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली. जड उचलायचं नाही, धावायचं नाही, दम लागेल असं काही करायचं नाही, असं मद्रासच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मला हे कळलं ते सासूबाईंनी यांच्या हातातली पाण्याची घागर काढून माझ्या हातात दिली तेव्हा. मी म्हटलं, "का हो, पुरुषमाणसानं पाणी भरलं तर काय आभाळ कोसळतं?" तर त्यांनी सांगितलं. आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

"म्हणजे फसवलंत मला," मी म्हटलं.

"होव," सासूबाई म्हणाल्या. "फसवलं. सांगितलं असतं तर दिली असती का तुला?"

कपाळ माझं! त्या स्वतः ऐन उमेदीत विधवा झालेल्या. त्यांना मी काय आणि कुठल्या तोंडानं सांगायचं? रात्रभर रडले आणि सकाळी उठून पाणी भरलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंनी आतून विचारलं, "मणी किती झाले गे?" मी चक्रावले. पण नवी सून, उलट कसं विचारायचं? गळ्यातले काळे मणी एकेक करून मोजायला लागले. तोंडानं पुटपुटत, बोटं सरकवत. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, मला पाहिलं आणि दाराला धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. तमिळमध्ये किती वाजले ते असं विचारतात आणि या लोकांनी तो शब्द आपल्या मराठीत कधीच मुरवून घेतलेला. मग संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला चेष्टेनं त्या मुद्दाम विचारायच्या, "मणी किती झाले?" आणि मी गळ्याला हात लावून सांगायची, "सगळे आहेत." एवढी एकच गंमत आम्हा दोघींत होती.

हे तेव्हा सायकलवरून फिरायचे. ओरत्तनाडूच्या बाजूला उन्हात सायकल हाणायची, आणि हृदय असलं. मीच घोशा लावला की मोटार घ्या, जुनीपानी का असेना. मिळाली तीही जुनीपानीच. निलगिरीतला कुणी मळेवाला साहेब विलायतेला परत जाताना टाकून गेलेला, मधे दोघातिघांनी वापरून कंटाळलेले. घराशेजारी माडाच्या झापांची शेड घातली आणि तिच्यात आणून उभी केली. गल्लीतली माणसं तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसली आणि नवरीसारखं तिला न्याहाळून घेतलं.

घंटा वाजली ती दुसऱ्या दिवशी. स्टिअरिंगच्या चाकाच्या मागं, दिव्यांच्या बटणांखाली एक पितळी वाटी पालथी बसवलेली होती, तिच्याशेजारी टोला मारणारी बारकी हातोडी. इंजिनातलं तेल कमी पडलं की ही वाजणार आणि माणसानं ताबडतोब गाडी थांबवायची, अशी त्या साहेबाची योजना. साहेब गेला आणि योजनेचं डोकं फिरलं. डावीकडं वळलं की वाजे. कालव्याच्या पुलावर चढलं की वाजे. दार जोरात लावलं तरी वाजे, आणि हळू लावलं तर जरा थांबून वाजे. सुरुवातीला हे प्रत्येक वेळी खाली उतरायचे, बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढून बघायचे, पुसायचे, परत घालायचे. तेल ठीक. पुढं चला. पुढं चाललं की टणटणटण.

"आता काय हवंय हिला?" मी म्हणायची.

"घंटा आहे, वाजणारच," हे म्हणायचे. माझ्याशी बोलताना हे माझी मराठी बोलायचे, म्हणून घंटेला घंटाच म्हणायचे. या एका शब्दानं पुढं माझा जीव घ्यायचा बाकी ठेवला.

फिटर पुष्कळ झाले. एकानं तिच्यात चिंधी कोंबली, तर टणटण जाऊन खडखड आली, तीही तितक्याच जोमानं. एकानं तार बदलली. एकानं सगळं ऐकून घेतलं, कॉफी प्यायला आणि गाडी विकून टाका म्हणाला. सगळ्यांत वाईट म्हणजे ती गाडी बंद असतानाही वाजायला लागली. आम्ही जेवायला बसलेलो, किल्ली खिळ्याला टांगलेली, आणि शेडमध्ये ही एकटीच टणटण करतेय. शेजारी आत्याबाई राहायच्या, यांच्या नात्यातल्या. त्या कुंपणावरून विचारायच्या, "पूजा चाललीय की काय गे?" कसली पूजा! रात्रभर वाजून ती बॅटरी खाऊन टाकायची. बॅटरी मेली की गाडी हँडल मारून सुरू करायची. आणि ते गाडीच्या तोंडात हँडल घालून गरागरा फिरवणं म्हणजे, चांगल्या माणसाला घाम फुटतो, यांनी करायचं?

"तुम्ही हात लावायचा नाही," मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मग कोण मारणार?"

"मी मारते. नऊवारीला कासोटा असतो तो कशासाठी?"

झालं. सकाळी पदर खोचून मी हँडल मारायची आणि हे चाकाशी बसायचे. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं, एवढं यांनी शिकवलं. गल्ली बघायची. लोक काय म्हणतील याची मला पर्वा नव्हती. गाडीचं इंजिन धडधडायला लागलं की मी यांच्या तोंडाकडं बघायची, ओठ निळे तर नाहीत ना. रोज बघायची. संध्याकाळी आले की परत तोंडाकडं बघायचं. किती वर्षं असं बघत राहायचं असतं, सांगा बरं?

एकदा ओरत्तनाडूकडं गुरांत फऱ्या रोग पसरला. धडधाकट जनावर संध्याकाळपर्यंत आडवं पडायचं. सकाळी बघतो तर घंटेनं बॅटरी पार संपवलेली, माझ्या हँडलनंही गाडी हलेना. हे तसेच बसनं गेले. "रात्री येतो," म्हणाले.

दुपारी मी उडदाची डाळ निवडत बसले होते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. कुंपणापाशी आत्याबाई आल्या, हातात कोथिंबिरीची जुडी.

"ओरत्तनाडूहून सांगून पाठवलंय गे," त्या म्हणाल्या. "बसवाला पानवाल्यापाशी सांगून गेला. डाक्टर काही येत नाहीत. वाट बघत बसू नको म्हणे. मणी काढून टाक."

मला आधी कळलंच नाही. मग हात गळ्याकडं गेला.

"काय म्हणालात?"

"मणी काढून टाक. थांबू नको म्हणाला, आगीची गोष्ट आहे."

आमच्याकडं मंगळसूत्राचा दोरा झिजून तुटला तरी तुटला म्हणत नाहीत, वाढला म्हणतात. जीभ तसं बोलायला धजतच नाही. आणि ही बाई कोथिंबीर हातात धरून मला काढून टाक म्हणत होती! वर आगीची गोष्ट. म्हणजे मी पोचेपर्यंत थांबणारसुद्धा नाहीत, तिथंच परक्या गावात अग्नी देऊन मोकळे होणार. मला रडू आलं नाही. संताप आला. बसवाल्यानं सांगितलं! पानवाल्यानं ऐकलं! माझं सगळं आयुष्य कुणा पानवाल्याच्या दुकानातून येतंय! सुपातली डाळ सगळी अंगणात सांडली होती.

तेवढ्यात सासूबाई आल्या. आत्याबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं, त्याच आवाजात.

"मग काढ की," सासूबाई मला म्हणाल्या. "बसलीस काय?"

त्या आत गेल्या आणि फळीवरचे डबे हलवायला लागल्या. मी ओरडले, "तुमच्या पोटचा ना हो तो? दगड आहात का तुम्ही? कसली माणसं आहात?"

त्या बाहेर आल्या, हातात पेचकस. "हे घे. तुला येत नसेल तर मी काढत्यें."

"ह्यानं?"

"मग काय दातानं काढणार? स्क्रू आहेत ना त्याला."

"कसले स्क्रू?"

"मोटारीच्या मणीचे!"

मग त्यांचं लक्ष माझ्या मुठीकडं गेलं. मी गळ्यातले मणी मुठीत इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला. त्या मटकन माझ्याशेजारी, त्या सांडलेल्या डाळीत बसल्या. "मणी म्हणजे घंट, पोरी," त्या म्हणाल्या. "आम्ही घंटेलाही मणीच म्हणतो गे. घंट काढायला सांगितलीय त्यानं. घंट." आणि मला कुशीत घेतलं. तोवर त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. मग मी जी रडले ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असणार. आत्याबाई बिचाऱ्या कुंपणापाशी उभ्या राहून विचारत होत्या, "ऐयो, झालं काय? झालं काय?"

झालं होतं ते एवढंच. यांना ओरत्तनाडूत एक ओळखीचा फिटर भेटला, त्याला यांनी घंटा रात्रभर वाजल्याचं सांगितलं. घंटेच्या मागची तार उघडी पडली असणार, बॅटरीत उरलेल्या धुगधुगीनंही ठिणगी उडून गाडी पेटेल आणि वर झापांची शेड आहे, असं तो म्हणाला. यांना तर जनावरं सोडून निघता येईना. म्हणून यांनी बसवाल्याला निरोप दिला. सासूबाईंनी शेडमध्ये जाऊन बॅटरीची तार काढून टाकली. घंटेला पेचकस लावायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला.

हे दुसऱ्या दिवशी आले. ऐकून आधी पोट धरून हसले.

"या घरात मणी काढायचा नाही," मी म्हटलं. "कुठलाच."

"अगं, पितळेचा तुकडा आहे तो."

"असू दे."

"शिकलेली आहेस ना तू?"

"आहे. तरीही नाही."

यांनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली. म्हणजे माझ्या बाजूनं. झालं, दोन बायका एक झाल्यावर डॉक्टरांचं काय चालतंय? मागची सगळी तार नवी घातली, आगीची भीती गेली, घंटा तिथंच राहिली. आणि वाजत राहिली.

हे तिच्याशी जमवून घ्यायला शिकले, मी कधीच शिकले नाही. पापनाशमच्या रस्त्याला हिचा आवाज आला की गुरं मान वर करून बघायची, आणि एकदा एक वासरू गाडीमागं गावाबाहेरपर्यंत आलं, ते यांना परत नेऊन सोडावं लागलं. खेड्यांतून यांना 'मणी डाक्टर' म्हणायला लागले. नवा फिटर आला की मी आधीच सांगायची, सगळं उघडा, सगळं बदला, तिला हात लावायचा नाही. तो यांच्याकडं बघायचा. हे आकाशाकडं बघायचे. एका उद्धटानं पेचकस लावलाच, तर सासूबाईंनी तिण्णैवरून हाक मारली, "मणीला हात लावलास तर बघ!" तो गाडी तशीच टाकून गेला आणि पुन्हा आला नाही.

मला तिचा वीट आला होता. डोकं दुखत असलं की तो आवाज टाळूत शिरायचा. पण संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी डावं वळण होतं, तिथं ती वाजायचीच. ती वाजली की मी चुलीवर कॉफीचं पाणी चढवायची. एखाद्या दिवशी ती शहाण्यासारखी गप्प राहिली आणि गाडी नुसतीच दारात आली, तर मी धावत बाहेर जायची, यांचा चेहरा बघायला. म्हणजे वाजली तरी ताप आणि नाही वाजली तरी ताप. असाच संसार झाला. पोरंबाळं झाली नाहीत. हँडल मारून मारून माझा उजवा खांदा कामातून गेला.

आणि मग साठ सालही मागं पडल्यावर एका दुपारी हे जेवून आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. गाडी शेडमध्ये होती. घंटा वाजली नाही. तिचं काम तेलाचं होतं, तिला काय बोल लावायचा. मी कॉफी घेऊन आले तेव्हा ओठ निळे होते. इतकी वर्षं मी रोज त्या ओठांकडं बघत आले आणि नेमकी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. अजून त्याचा राग येतो. कुणावर ते कळत नाही.

दहाव्या दिवशी बायका आल्या. इकडं त्या दिवशी ते करतात. माजघरात सगळ्या भिंतीला टेकून बसल्या, कुणी कुणाकडं बघेना. बोलायचं काम आत्याबाईंवर आलं. त्या आता फार थकल्या होत्या. माझ्याजवळ सरकून, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मणी काढायला हवा गे, पोरी."

मला कळलं नाही असं नाही. न कळण्याइतकी मी आता त्या घरात परकी राहिले नव्हते. मी उठले. फळीवरचे डबे बाजूला केले, पेचकस घेतला आणि शेडमध्ये गेले. मागून दोघीतिघी आल्या आणि दारातच थबकल्या. डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं असेल त्यांना, वाटू दे. मी गाडीत आडवी होऊन चाकाखाली डोकं घातलं. स्क्रू गंजले होते. दुखऱ्या खांद्यानं जोर लावताना तोंडातून शिव्या येत होत्या, वाईच्या घाटावरच्या अस्सल. शेवटचा स्क्रू सुटला तेव्हा हातोडी वाटीला एकदाच लागली आणि टण्ण झालं. मी ती घंटा पदरात घेऊन आत आले आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या," मी म्हटलं. "मणी काढला."

मग कोपऱ्यातून एक म्हणाली, "अगो, हा नव्हे गे..."

सासूबाई आतल्या दाराशी बसल्या होत्या. दहा दिवसांत त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुम्ही काढ म्हणालात, तिनं काढला. सगळ्यांनी पाहिलंत. आता घरी जावा."

"पण शास्त्र..."

"शास्त्र मला नका सांगू. माझे काढलेत तेव्हा सगळं शास्त्र बघून घेतलंय मी. जावा."

आत्याबाई आधी उठल्या. घंटा त्यांनी माझ्या शेजारी जमिनीवर ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. मग बाकीच्याही गेल्या, कुजबुजत.

आम्ही दोघी तिण्णैवर येऊन बसलो. अंधार पडायला लागला होता. गल्लीच्या तोंडाशी एक जटका, म्हणजे इकडचा टांगा, डावीकडं वळला आणि माझं अंग उगीचच कॉफीसाठी उठायला लागलं, मग परत बसले. दिवा लावायला हवा होता. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

सासूबाईंनी, माझ्याकडं न बघता, विचारलं, "मणी किती झाले गे?"

मी गळ्याला हात लावला.

"सगळे आहेत," म्हटलं.